बस नंबर सातची हजेरी

जहाजावरून,
ता. १२, सकाळी दहा

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. इकडे तुझे बाबा, तुझी आई आणि मी, तिघंही खुशाल. तूही काल दुपारपर्यंत धडधाकट होतास, फक्त केस विरळ झालेत, असं तुझ्या आईकडून कळलं. केसांचं मनावर घेऊ नकोस. तुझ्या आजोबांचे तिशीतच गेले होते, आणि त्यानंतर चाळीस वर्षं ते खिशात कंगवा बाळगून होते.

प्रथम एक गंभीर तक्रार नोंदवते. काल सकाळी तुमच्या बंदरात उतरायच्या आधी एका गणवेशातल्या मुलीने माझ्या नव्याकोऱ्या मोतिया स्वेटरवर एक गोल पिवळा स्टिकर थापला. त्यावर आकडा सात. म्हणजे मी बस नंबर सातचा माल. परवानगी विचारली नाही, जागा विचारली नाही, नेमका काळजावर थापला. हा स्वेटर मी पूर्ण किमतीला घेतला होता. सव्वीस वर्षांच्या नोकरीत पूर्ण किमतीला घेतलेली ही माझी पहिलीच वस्तू. दुपारी परतल्यावर स्टिकर ओढला तेव्हा तो जाताना लोकर घेऊन गेला आणि डिंक ठेवून गेला. आता तिथे वाटीएवढा चिकट डाग आहे आणि जहाजावरची धूळ त्याच्याकडे धावत येते. खालच्या तक्रारखिडकीत गेले. तिथल्या पोराने गोड हसून मला जहाजाचं नाव छापलेलं एक पेन दिलं. विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासण्यात माझी उमर गेली, पण डागाला पेन ही तडजोड मी पहिल्यांदाच पाहिली. हे पत्र त्याच पेनाने लिहिते आहे. पेनही गळतं.

असो. कालच्या दिवसातला एक तास तुला ठाऊक आहे. उरलेला दिवस तुला ठाऊक नाही, आणि तुझ्या आईलाही नाही, कारण ती त्यात नव्हती. म्हणून लिहायला बसले. फोनवर मला हे जमायचं नाही. फोनवर तू नुसतं "हं, हं" करतोस आणि मी विषय बदलते.

बेत तर माझ्याच फोनवरून शिजला होता. सहलीच्या कागदावर छापलं होतं: सकाळी किल्ला आणि संग्रहालय, मग जेवण, दुपारी दोन ते तीन जुन्या चौकात मोकळा वेळ, साडेतीनला बंदर. साडेचारला सगळे जहाजावर हवेत, पाचला जहाज सुटणार. तू म्हणालास, दीडला पाळी सुटते, दोन दहाला कारंज्याच्या पायऱ्यांवर येतो. तुझ्या आईला मी "जरा दुकानं बघून येतो" म्हणून दादापासून बाजूला काढायचं आणि तुझ्या हवाली करायचं. आठ वर्षांनी पन्नास मिनिटं. दादाला कळू द्यायचं नाही, हे मी ठरवलं. तुला मी लिहिलंही होतं, त्याला कळलं तर तो अख्खी सहल रद्द करील.

बसमध्ये दादा सगळ्यात पुढच्या सीटवर, कारण मागे बसलं की त्याला मळमळतं. मी आणि तुझी आई सहाव्या रांगेत. गाईड चाळिशीची, घसा बसलेली बाई. एका हातात मिटलेली हिरवी छत्री, निशाणासारखी उंच धरलेली. दुसऱ्या हातात अंगठ्याने दाबायचं मोजणीचं यंत्र. एक माणूस, एक टिक्. तिचं मी छत्रीवाली असं नाव ठेवलं. बंदरावर तिने आम्हाला मोजलं तर एक्केचाळीस भरले. ती परत पहिल्यापासून सुरू करणार तोच दादाने बोट वर केलं. नवव्या रांगेत एक गृहस्थ वाकून बुटाची नाडी बांधत होते. बेचाळीस. छत्रीवालीने त्याला चक्क सलाम ठोकला. चौतीस वर्षं कारखान्याच्या फाटकाशी बसून ज्याने हजार माणसांची हजेरी घेतली, एक मिनिट उशीर झाला तरी लाल शाई वापरली, त्या टाइमकीपरला निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणीतरी कामावर घेतलं. तो इतका खूश मी त्याच्या निरोपसमारंभातही पाहिला नव्हता.

आणि मग छत्रीवालीने बसलेल्या आवाजात माइकवर सांगितलं की आज बंदरात चार जहाजं लागली आहेत, दुपारी चौकात बस येऊ देणार नाहीत, त्यामुळे आपण चौक आत्ता बघू आणि किल्ला नंतर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोक कशालाही टाळ्या वाजवतात. तुझ्या आईने माझा हात धरला. धरला म्हणजे नखं रुतवली.

इथे माझा गुन्हा कबूल करते. जहाजावर इंटरनेट विकत मिळतं. किंमत ऐकून मी म्हटलं होतं की एवढ्या पैशात मी समुद्र विकत घेईन. तुझी आई म्हणाली होती, "घ्या हो वन्सं, वेळेला असावं." मी घेतलं नाही. त्यामुळे तुला निरोप पाठवायला चौकातल्या एका पर्यटन कचेरीच्या दारात, फुकटच्या लहरी पकडत, मी फोन डोक्यावर धरून उभी राहिले. तीन निरोप पाठवले. तिन्हींवर एकेकच खूण. तू तेव्हा कुठल्यातरी इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होतास आणि फोन तुझ्या कपाटात होता, हे आता कळतंय.

दहा चाळीसला बस सुटणार होती. साडेदहाला मी म्हटलं, चला वहिनी. ती कारंज्याच्या पायरीवर बसली होती, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघणाऱ्या माणसासारखी.

"तुम्ही जा, वन्सं. मी इथेच बसते."

मी तिला सगळं सांगून पाहिलं. बस परत इथे येणार नाही. फोन चालत नाही. भाषा येत नाही. आणि तो येईलच याला पुरावा काय? शेजारच्या गल्लीत सुई आणायला जाताना जी मला सांगून जाते, ती बाई परक्या शहरात पावणेचार तास एकटी बसणार. ती ऐकत होती, पण बघत होती रस्त्याकडे.

"आठ वर्षं थांबले," ती म्हणाली, "तिथे चार तासांचं काय घेऊन बसलात?"

"आणि जहाज गेलं तर?"

"गेलं तर गेलं. ह्यांना सांगा, हरवली."

तिला मी माझी पाण्याची बाटली दिली, बिस्किटाचा पुडा दिला, पैसे दिले, बंदराचं नाव छापलेलं जहाजाचं कार्ड तिच्या पर्समध्ये नीट आहे ना ते बघितलं. तिची शाल मात्र मागून घेतली. बसमध्ये येऊन ती शाल तिच्या सीटवर अशी टाकली की बाई आत्ताच उठून गेली असं वाटावं. अशा शाली मी दाव्यांच्या कामात शेकड्याने पकडल्या आहेत.

छत्रीवाली मोजत आली. टिक्, टिक्, टिक्. शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन थांबली, यंत्राकडे बघितलं, परत मोजत पुढे आली. एक्केचाळीस. तिने माझ्या शेजारच्या शालीकडे पाहिलं. मी सांगितलं, मागे स्वच्छतागृहात गेली आहे. ती म्हणाली, मग थांबू, चेहरा दिसल्याशिवाय मला बस हलवता येत नाही. आणि ती मागे निघाली. त्या दारापर्यंत अकरा पावलं. मी मोजली. दार उघडंच होतं, रे. आत दिवासुद्धा नव्हता.

ती चार पावलं गेली असेल, तेवढ्यात पुढून तुझ्या बाबांचा आवाज आला. मागे वळून न बघता, तोडक्यामोडक्या इंग्रजीत, पण फाटकावरच्या त्या जुन्या आवाजात.

"बेचाळीस आहेत. माझी बायको आत आहे. मी चढताना बघितली."

छत्रीवाली थांबली. सकाळी या माणसाने तिची चूक काढली होती आणि ती बरोबर निघाली होती. तिने खांदे उडवले, अंगठा दाबला. टिक्. बस सुटली.

मी मनाशी म्हटलं, दादा म्हातारा झाला. त्याची मोजणी चुकली.

किल्ला कसा होता विचारू नकोस. दगड होते. दादा तुझ्या आईबद्दल विचारणार म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती: गुडघे दुखतात म्हणून बसमध्ये बसली, जहाजावरची ती जाडी बाई भेटली म्हणून तिच्याबरोबर गेली, फोटो काढतेय. त्याने विचारलंच नाही. किल्ल्यावरून निघताना छत्रीवालीने मोजलंही नाही. तिने दादाकडे पाहिलं, दादाने मान हलवली, झालं. जेवणाच्या वेळी दादाचं पोट बिघडलं आणि तो जहाजावर परत गेला.

साडेतीनला मी बंदरावर आले. चार वाजून पाच मिनिटांनी फाटकाबाहेर लिफ्ट कंपनीची पांढरी व्हॅन थांबली आणि तुझी आई उतरली. वर आली ती वीस वर्षांनी लहान होऊन. केबिनमध्ये दार लावून तिने मला सगळं सांगितलं. तू किती जाड झालास, नखांत ग्रीस कसं आहे, तिने तुला पाठीत दोन धपाटे घातले तेव्हा तू कसा हसलास. आणि तू शेवटी काय म्हणालास तेही सांगितलं. ते सांगताना ती आरशाकडे बघत होती. एक तारखेला तू ते शहर सोडणार, नवा पत्ता देणार नाहीस. "बाबांना सांगू नकोस मी भेटलो ते. त्यांच्या वहीत मी गैरहजर आहे, तसाच राहू दे. तू भेटलीस, पुरे झालं."

पुरे झालं म्हणून तिने तुला होकारही दिला. कशी देऊ शकली, तिलाच माहीत.

दादा केबिनमध्ये झोपला होता. त्याला काही कळलं नाही. दिवस पार पडला.

जेवायला बोलावतायत. नवा पत्ता नसला तरी जुन्यावर हे मिळेल अशी आशा. तब्येतीला जप.

तुझी आत्या

ता. १३, सकाळी

ठोंब्या,

वरचं पत्र काल पाकिटात घालून चिकटवलं होतं. आज फाडून उघडलं. उद्या पुढच्या बंदरात टाकायचं आहे, तोवर दुरुस्तीला वाव आहे.

कचेरीत नव्या मुलींना मी एक गोष्ट शिकवते. खोटा जबाब ओळखायचा तर जिथे माणूस भरभरून सांगतो तिथे शोधू नका, जिथे एका ओळीत उरकतो तिथे बोट ठेवा. काल रात्री मी मनातल्या मनात माझ्याच पत्रावर बोट ठेवून बघितलं. "दादाचं पोट बिघडलं आणि तो जहाजावर परत गेला." एक ओळ. "दादा केबिनमध्ये झोपला होता. त्याला काही कळलं नाही." मुश्किलीने एक. आणि स्वेटरच्या डागावर अर्धं पान. अशा बाईचा दावा मी चहा संपायच्या आत फेटाळला असता.

दोन्ही जबाब मागे घेते. खरं काय झालं ते असं.

जेवणाच्या टेबलावर मी बसले, दादाची जागा रिकामी. थोड्या वेळाने छत्रीवाली एक कागद घेऊन आली. सहल मध्येच सोडायची असेल तर तो फॉर्म भरून द्यावा लागतो, की आम्ही आपल्या जबाबदारीवर जात आहोत, गाईडची काही जबाबदारी नाही. त्यावर दादाचं अक्षर. दोन नावं, त्याचं आणि तुझ्या आईचं. वेळ, बारा चाळीस. सही दोन्हीकडे त्याचीच. छत्रीवाली मला विचारत होती की तुमच्या वहिनी बऱ्या आहेत ना, त्या टॅक्सीत बसल्यात असं तुमचे भाऊ म्हणाले.

मी म्हटलं, बऱ्या आहेत. आमची बाई हरवली असती तर छत्रीवालीची नोकरी गेली असती. त्याने तिची वही आधी नीट केली आणि मग गेला. म्हणजे त्याची मोजणी चुकली नव्हती. त्याला पहिल्यापासून माहीत होतं. सकाळी जेव्हा त्याने बेचाळीस म्हटलं, तेव्हा तो एक्केचाळीसच मोजून बसला होता.

आता तूच सांग, मी काय समजायचं? आठ वर्षांपूर्वीची गोष्ट तू एका तऱ्हेने सांगतोस, तो सांगतच नाही. मी कागदावर होतं तेवढंच सांगते. तू त्याच्याच कारखान्यात उमेदवारी करत होतास. तीन सोमवार तुझं कार्ड तुझ्या मित्राने पंच केलं, तू आत नसताना. दादाने ते पकडलं आणि वर कळवलं. स्वतःच्या मुलाचं. तुमची दोघांची नोकरी गेली, मित्राचं तर ठरलेलं लग्न मोडलं. तू उंबऱ्यात उभा राहून त्याला जे बोललास ते इथे लिहीत नाही, गल्लीने ऐकलंय. त्या माणसाला आता कळलं की बायको आपल्याला चुकवून त्याच मुलाला भेटायला बसली आहे, आणि बहीण सामील आहे. मला वाटलं, तो चौकात गेला असणार आणि तिथे तमाशा होणार. तुझी आई मध्ये सापडणार.

मी टॅक्सी करून मागे जायला हवं होतं. गेले नाही. बावन्न वर्षांची झाले, तीस माणसं हाताखाली आहेत, आणि दादाच्या रागाला अजून भिते. संग्रहालयात मी एका मडक्यासमोर वीस मिनिटं उभी होते. लोकांना वाटलं जाणकार आहे.

साडेतीनला जहाजाच्या जिन्याशी पोचले. तिथे कार्ड यंत्रात घातलं की माणूस आत आल्याची नोंद होते. पहारेकऱ्याला आमच्या केबिनचा नंबर सांगून विचारलं. दोघांपैकी कुणी आलेलं नाही. चार पाचला तुझी आई आली, एकटी, आनंदात. म्हणजे चौकात काही झालं नव्हतं. पहिल्या सेकंदाला हायसं वाटलं, दुसऱ्या सेकंदाला मी तिच्यामागे धक्क्यावर नजर टाकली. मग तो होता कुठे?

"हे कुठेत?" तिने विचारलं.

वर चहा पितोय, असं मी सांगितलं. तिची गोष्ट ऐकली, तिला तोंड धुवायला पाठवलं आणि परत खाली जिन्याशी आले. चार वीस. धक्क्यावरचा तंबू खलाशी उतरवत होते. चार पंचवीसला कर्ण्यातून आमच्या केबिनचा नंबर पुकारला. ठोंब्या, हा माणूस आमच्या बाबांच्या तेराव्याला सुद्धा भटजींच्या आधी तयार होता. त्याचा नंबर पुकारला जाणं म्हणजे काहीतरी झालंच आहे. मी रस्त्यावर पडलेला बघितला त्याला, मनात. दवाखाना बघितला. तुझ्या आईला काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, तेही जुळवायला लागले.

साडेचार. पांढऱ्या गणवेशातला अधिकारी घड्याळ बघून खलाशाला हात करणार, तेवढ्यात मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि स्वेटरवरच्या डागाबद्दल तक्रार सुरू केली. लोकर कशी, डिंक कसा, किंमत किती, जबाबदार कोण. इतक्या तपशिलात मी आयुष्यात कधी भांडले नसेन. बिचारा सभ्य होता, ऐकत राहिला. त्याच्या खांद्यावरून मला धक्क्याचं दुसरं टोक दिसत होतं. तिथून एक ठिपका निघाला. चालत होता. मग पळायला लागला. चौसष्ट वर्षांचा माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला, एका हाताने खिशातली वही दाबून धरलेली. जिन्यावर आला तेव्हा ओठ पांढरे पडले होते. कार्ड यंत्रात घालायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला.

चार चौतीस.

मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "चार मिनिटं. लिहून ठेव."

एवढंच. तुझ्या आईला त्याने सांगितलं की वर वारा खात होतो. तिने विश्वास ठेवला. त्या दिवशी तिने कशावरही विश्वास ठेवला असता.

बाकीचं त्याने मला काल सकाळी, नाश्त्याच्या आधी, डेकवर सांगितलं. समुद्राकडे तोंड करून. सहलीचा कागद घरी आला त्याच दिवशी त्याने ओळखलं होतं, कारण तुझ्या आईने त्यावर 'दोन ते तीन' च्या खाली पेन्सिलीने इतकी हलकी रेघ मारली होती की ती लपवण्यासाठीच मारली हे उघड होतं. तुझं शहर कोणतं, ते तर त्याला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. तो काही बोलला नाही. पैसे भरले. सकाळी बसमध्ये चढताना त्याने तिला पायरीवर बसलेली काचेतून पाहिलं.

टॅक्सीने तो चौकात आला एक वाजता. कारंज्यासमोर एक कॉफीचं दुकान आहे, निळं कापडी छप्पर, दारात दोन कुंड्या. तिथे खिडकीपाशी बसला. तुझी आई तिथून साठ पावलांवर, पाठमोरी. एक ते दोन त्याने तिला बघितलं. तिने बिस्किटं खाल्ली नाहीत, म्हणाला. दोन दहा झाले. तू आला नाहीस. दोन पंधरा. त्या वेळी त्याला तुझा असा राग आला होता की वही काढून लिहिणार होता. दोन बावीसला तू धावत आलास, कामाच्या कपड्यांत.

"बारा मिनिटं," दादा मला म्हणाला.

मी त्याला सांगितलं, पाळी सुटता सुटता एका इमारतीत लिफ्टमध्ये म्हातारी अडकली होती, तिला काढून आला. तुझ्या आईने मला सांगितलं होतं.

"मग तो उशीर धरता येणार नाही," दादा म्हणाला.

तू टोपी काढलीस, आईने धपाटे घातले, मग तुझी कॉलर सरळ केली, हे सगळं त्याने बघितलं आहे. टोपी काढलीस तेव्हा त्याला वाटलं आपले वडीलच उभे आहेत. तो तीनदा खुर्चीतून उठला. पहिल्यांदा परत बसला. दुसऱ्यांदा दारापर्यंत गेला. मी विचारलं, मग गेला का नाहीस? तर म्हणाला, "तिने मला बोलावलं नव्हतं. मी मध्ये गेलो असतो तर तिची भेट माझी झाली असती." तिसऱ्यांदा उठला तेव्हा तू मान वर करून सरळ त्याच्या दिशेने बघितलंस. तू मनोऱ्यावरचं घड्याळ बघत असशील, ते त्या दुकानाच्या बरोबर वर आहे. त्याला वाटलं तू त्याला पाहिलंस. तो स्वयंपाकघरातून मागच्या दाराने पळाला. टॅक्सीचा थांबा तुमच्या समोर, म्हणून टॅक्सी नाही. बंदरापर्यंत चालत आला. दोनदा रस्ता चुकला.

मी त्याला शेवटी विचारलं, बसमध्ये बेचाळीस का म्हणालास? छत्रीवालीने दार बघितलं असतं तर सगळे मिळून वहिनीला घ्यायला मागे आलो असतो, विषय संपला असता. त्याला हेच हवं असायला हवं होतं.

तो म्हणाला, "एक खोटी हजेरी लावायची माझ्याकडून राहून गेली होती."

मग त्याने माझ्याकडून वचन घेतलं की यातलं एक अक्षर तुला कळू द्यायचं नाही. मी दिलं, आणि खाली येऊन वरचं पत्र लिहिलं. ते पत्र म्हणजे वचन पाळणं होतं. हे पत्र म्हणजे मोडणं. मोडते आहे, कारण तू तिकडे असं समजून गाव सोडणार की बाबा किल्ल्यावर दगड बघत होते, आणि कळलं असतं तरी आले नसते. ती समजूत तुला मीच दिली. त्याला कळलं तर तो सहल रद्द करील, हे वाक्य माझं होतं. पुराव्याशिवाय लिहिलं होतं. चूक निघालं.

तुझी बाजू मी खोडत नाही. त्या मित्राचं काय झालं ते मलाही माहीत आहे, आणि दादालाही. त्याला माफ कर असं मी लिहिणार नाही, तो अधिकार माझा नाही. फक्त जे झालं ते पूर्ण कागदावर असावं. मग पत्ता दे, नको देऊ. तुझ्या आईला यातलं काही माहीत नाही. तिला सांगायचं काम दादाचं आहे, आणि कालपासून तो दोनदा सुरुवात करून थांबलाय. एकदा तिने विचारलं काय हो, तर म्हणाला, मीठ दे.

एक काम मात्र तुला एक तारखेच्या आत करायचं आहे. दादा कालपासून नीट जेवत नाही. मला वाटलं तुझ्यामुळे. तर ते होतंच, पण वरून एक आणखी: मागच्या दाराने पळताना त्या दुकानात कॉफीचे पैसे द्यायचे राहिले. कॉफी प्यायलाही नव्हता, तशीच साय धरून पडली होती. तरी मागवली होती, तेव्हा झालीच, असं त्याचं म्हणणं. आयुष्यात कुणाचं बुडवलं नाही, आणि आता परत जायला जहाज वळत नाही. मी म्हटलं, पैसे पोचवते.

पाकिटात एक नोट आहे. निळ्या छपराचं दुकान, खिडकीजवळचं टेबल, ता. ११, दुपारी एकपासून, एक कॉफी. त्यांना तसं सांग. नोट मोठी आहे, उरतील त्यात तूही एक घे, त्याच खुर्चीवर बसून. तिथून पायरी किती लांब दिसते ते बघ.

पैसे कुणाच्या हाती पोचवणार, हे दादाने मला विचारलं नाही.

तुझी,
आत्या